गेममधला जपान आणि कोपऱ्यातले सरदार

टोटल वॉर शोगुन २ हा सोळाव्या शतकातल्या जपानवरचा कॉम्प्युटर गेम, तो सुरू केला की सगळ्यात आधी सरदारांचं घराणं निवडायचं असतं. नवीन माणसाने विचारलं की कोणतं घेऊ, तर जुने खेळाडू बहुतेक वेळा एकच सांगतात, चोसोकाबे घे नाहीतर शिमाझू घे. कारण नकाशा बघितला की लगेच कळतं, चोसोकाबे शिकोकू बेटावर आणि शिमाझू क्यूशूच्या पार दक्षिण टोकाला सात्सुमात, पाठीशी समुद्र, शत्रू येणार तो एकाच बाजूने, म्हणजे आधी आपलं बेट आवरून घ्यायचं, पैसा जमवायचा आणि मग सावकाश होन्शूवर, म्हणजे मुख्य बेटावर, उतरायचं. गेम स्वतःच चोसोकाबेला सोपं म्हणून दाखवतो आणि ओदाला अवघड. खेळून बघितलं तर तसंच वाटतं, ओदा घेतला की सुरुवातीपासून कोणी ना कोणी अंगावर येतच असतं, एकाला हाणेपर्यंत दुसऱ्याने मागून किल्ला घेतलेला असतो.

आणि खऱ्या इतिहासात काय झालं? जपान एका छत्राखाली आणणारे तिघंही त्या अवघड जागेतलेच. ओदा नोबुनागा ओवारीचा, म्हणजे आजच्या नागोयाच्या आसपासचा. तोयोतोमी हिदेयोशी जन्मला तोही ओवारीतच. तोकुगावा इएयासू अगदी शेजारच्या मिकावाचा. उलट कोपऱ्यात बसलेले एकेक करून वाकले. चोसोकाबे मोतोचिकाने जवळजवळ सगळं शिकोकू जिंकलं होतं, पण १५८५ मध्ये हिदेयोशीचं प्रचंड सैन्य समुद्र ओलांडून आलं आणि मोतोचिकाकडे फक्त तोसा प्रांत उरला. शिमाझूंनी क्यूशू जवळपास घशात घातलंच होतं, १५८७ ला त्यांचंही तेच झालं. उत्तरेच्या टोकाला दाते मासामुने, तो १५९० मध्ये ओदावाराचा वेढा चालू असताना हिदेयोशीसमोर हजर झाला.

मग गेममध्ये कोपरा इतका फायद्याचा आणि इतिहासात इतका तोट्याचा का? बेटांच्या देशाचा भूगोल हे गेम कसा दाखवतात, काय बरोबर पकडतात आणि काय निसटतं, हे सगळं मला या एका प्रश्नात सापडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी जे जमलंय ते सांगतो कारण ते खरंच खूप छान जमलंय. शोगुन २ मध्ये न पाहिलेला मुलूख जुन्या, हाताने रंगवलेल्या नकाशासारखा दिसतो, आणि आपलं सैन्य किंवा जहाज पुढे सरकलं की त्याच कागदातून खरे डोंगर, शेतं, किनारा उभा राहतो. मला हे गेममधलं सगळ्यात आवडतं दृश्य आहे. आणि डोंगर नुसते दिसायला नाहीयेत. जपानची जवळपास तीन चतुर्थांश जमीन डोंगराळ आहे, सपाट जमीन म्हणजे किनाऱ्यालगतचे तुकडे आणि डोंगरांच्या मधली खोरी, आणि गेममध्ये हे हाताला जाणवतं, म्हणजे नकाशावर दोन किल्ले अगदी चिकटून दिसतात आणि सैन्य पाठवायला गेलं की वाट एवढी वळसा घेऊन जाते की दोन टर्न (खेळातल्या पाळ्या) जातात. काई प्रांत घ्या, ताकेदा शिंगेनचा. चहूबाजूंनी डोंगर, समुद्र कुठेच नाही, बाहेर पडायचं तर ठरलेल्या खिंडींमधूनच. ताकेदा खेळताना खिंडीच्या तोंडाशी एक सैन्य ठेवलं की मागचं सगळं निर्धास्त, आणि तुम्हाला बाहेर जायचं असेल तर समोरच्यालाही हेच करता येतं. हे मला पुस्तकं वाचून कळलं असतं पण इतकं आतून कळलं नसतं.

सेकिगाहारासुद्धा तसंच. १६०० ची, इएयासूने जिंकलेली ती मोठी लढाई तिथेच का झाली हे नकाशावर बोट ठेवलं की कळतं, पूर्वेचं नोबी मैदान आणि पश्चिमेचा बिवा तलावाचा मुलूख यांच्यामधली ती अरुंद पट्टी आहे, उत्तरेला इबुकी डोंगर, दक्षिणेला सुझुका रांग, पूर्वेकडून त्यावेळची राजधानी क्योतोकडे जाणारी मुख्य वाट तिथूनच. आजही तोकाइदो शिनकानसेन तिथूनच जाते आणि हिवाळ्यात बर्फ पडला की त्याच टप्प्यात गाड्या हळू चालवाव्या लागतात.

बर्फावरून हिवाळ्याची गोष्ट. शोगुन २ मध्ये वर्षाच्या चार टर्न, त्यातली एक हिवाळ्याची, आणि त्या टर्नला तुमचं सैन्य परमुलखात उघड्यावर असेल तर माणसं गळायला लागतात. शिनानोच्या सीमेवर उएसुगींचं सैन्य नेऊन ठेवलंय, पुढचा किल्ला एका टर्नवर आहे, आणि तेवढ्यात नकाशा पांढरा होतो. प्रत्येक तुकडीचा आकडा खाली उतरताना बघत बसायचं नाहीतर परत फिरायचं. हे चांगलं आहे. पण खऱ्या एचिगोचा, म्हणजे उएसुगींच्या मुलखाचा, बर्फ याच्या कितीतरी पट मोठी गोष्ट होती. सायबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून येताना ओलावा उचलतात, होन्शूच्या मधल्या डोंगरांना आदळतात आणि सगळा बर्फ पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे एचिगोत, आजच्या निइगातामध्ये टाकतात, आणि डोंगराच्या पलीकडे कांतोच्या (आजच्या टोक्योभोवतीच्या) मैदानात त्याच दिवसात कोरडी थंडी आणि स्वच्छ ऊन. एकाच बेटाचे दोन हिवाळे. त्यामुळे उएसुगी केनशिनचं सगळं आयुष्य या बर्फाच्या वेळापत्रकावर चाललं. बर्फ पडायच्या आत मिकुनी खिंड ओलांडून कांतोत उतरायचं, हिवाळा तिकडेच काढायचा, वसंतात परत यायचं, आणि तो परतला की कांतोतले होजो घराण्याचे लोक पुन्हा त्याने घेतलेले किल्ले काढून घ्यायचे. म्हणजे खिंड बंद झाली की तुम्ही जिथे आहात तिथेच अडकलात. गेममध्ये तीन महिने एका टर्नमध्ये संपतात, माणसं थोडी मरतात आणि आपण पुढे चालू पडतो, त्यामुळे बर्फ हा दंड वाटतो, दरवाजा वाटत नाही. ताकेदा आणि उएसुगी १५५३ ते १५६४ या काळात कावानाकाजिमाला पाच वेळा भिडले आणि तरी निकाल लागला नाही, याच्या मागे या खिंडी आणि हा बर्फही आहे.

आता भाताकडे येतो, कारण कोपऱ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

त्या काळी जपानमध्ये मुलखाची किंमत कोकुमध्ये मोजत. एक कोकु म्हणजे साधारण १८० लिटर तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा मानत. हिदेयोशीने सगळ्या देशाची जमीन मोजून घेतली आणि १५९८ च्या आकड्यांमध्ये प्रांतवार उत्पन्न दिसतं. त्यात ओवारीचे सुमारे ५ लाख ७० हजार कोकु आहेत. शेजारचा मिनो ५ लाख ४० हजार. बिवा तलावाभोवतीचा ओमी तर पावणेआठ लाखांच्या वर. आणि तोसा, चोसोकाबेंचा घरचा प्रांत? एक लाखाच्याही आत, सुमारे ९८ हजार. काई, इतका नावाजलेला ताकेदांचा मुलूख, सव्वादोन लाखांच्या आसपास. आता नकाशावर तोसा आणि ओवारी बघा, तोसा आकाराने ओवारीपेक्षा कितीतरी मोठा आहे. पण तो बहुतेक सगळा डोंगर आणि जंगल, आणि ओवारी म्हणजे किसो, नागारा, इबी या नद्यांनी गाळ आणून केलेलं सपाट मैदान. त्यात भर म्हणजे ओवारीत त्सुशिमा नावाचं बंदर (कोरियाजवळचं बेट वेगळं, हे नदीकाठचं बंदर) आणि आत्सुता, दोन्हीकडे व्यापाराचा पैसा. नोबुनागाच्या बापाने, नोबुहिदेने, या बंदराच्या पैशावरच डोकं वर काढलं होतं.

शोगुन २ मध्ये जमिनीचा कस कमीजास्त दाखवलाय, अगदी नापीक पासून खूप सुपीक पर्यंत, शिवाय कुठे घोडे, कुठे लोखंड, कुठे दगड, सादो बेटावर सोनं, हे सगळं आहे आणि ते मन लावून केलेलं आहे. तरीपण खेळताना एक प्रांत म्हणजे साधारण एक प्रांतच वाटतो, एक किल्ला, काही इमारती, थोडाफार फरक. तोसा आणि ओवारीमधला पाच-सहा पटीचा फरक काही जाणवत नाही. मग जर सगळे प्रांत जवळपास सारख्याच किमतीचे असतील तर महत्त्व कशाला येणार, तर किती बाजूंनी शत्रू आहे याला. आणि त्या हिशोबात कोपरा जिंकणारच. खऱ्या जपानमध्ये मधल्या मैदानातला सरदार चार बाजूंनी मार खात असेल पण त्याच्याकडे चार आघाड्यांवर उभं राहील एवढं भात होतं, आणि क्योतो दोन-चार दिवसांच्या वाटेवर होतं. नोबुनागाने १५६७ ला मिनो घेतला आणि पुढच्याच वर्षी तो क्योतोत होता. सात्सुमातून क्योतोला जायचं म्हणजे अर्धा देश ओलांडायचा, आणि वाटेतला प्रत्येक जण जिंकायचा नाहीतर समजवायचा.

बिवा तलावाबद्दल मला फार वाईट वाटतं. जवळपास ६७० चौरस किलोमीटरचा, जपानमधला सगळ्यात मोठा तलाव, आणि तो नुसता तलाव नव्हता, तो हमरस्ता होता. पश्चिम किनाऱ्यावर त्सुरुगाला उतरलेला माल थोडा डोंगर ओलांडून तलावाच्या उत्तर काठाला यायचा, तिथून होडीने सरळ दक्षिणेला ओत्सूला, आणि ओत्सूच्या पलीकडे क्योतो. नोबुनागाने आझुचीचा किल्ला या तलावाच्या काठावर बांधला तो याचसाठी, १५७६ पासून, पाण्याची वाट हातात ठेवायला. शोगुन २ मध्ये हा तलाव दिसतो सुंदर, पण तो फक्त सैन्याने वळसा घालायचा अडथळा आहे, त्यावरून एक होडी जात नाही.

कोएई या जपानी कंपनीच्या नोबुनागाज अँबिशन या गेमचं इथे नाव घ्यायलाच हवं. पहिला गेम १९८३ चा, आणि त्यात सगळा जपान नव्हताच, फक्त मधले १७ प्रांत होते. म्हणजे क्यूशूत लपून बसायची सोयच नाही, तुम्ही कोणीही असा, मधल्या गर्दीतच सुरुवात. सगळा देश १९८६ च्या पुढच्या आवृत्तीत आला. ग्राफिक्स म्हणाल तर रंगवलेले चौकोन आणि आकडे, पण त्या आकड्यांमध्ये जो भूगोल आहे तो मला टोटल वॉरपेक्षा खोल वाटतो, कारण तिथे पूर आहे. प्रत्येक प्रांताला शेती वाढवायचा हुकूम वेगळा आणि नदीला बांध घालायचा वेगळा, आणि दोन्हीसाठी पैसा एकाच तिजोरीतून. बांधाकडे दुर्लक्ष करून नुसती शेती वाढवत बसलात तर वादळ आलं की पाणी शेतात आणि वर्षाचं भात गेलं, मग सैन्याला खायला काय घालणार. डोंगराळ बेटावर नद्या आखूड आणि उताराच्या असतात, पावसात एकदम फुगतात, आणि सपाट जमीन नेमकी त्या नद्यांच्या तोंडाशीच असते, म्हणून जिथे भात तिथेच पूर. ताकेदा शिंगेनने काईमध्ये कामानाशी आणि मिदाई या नद्यांच्या संगमाजवळ बांध घातले, आजही ते शिंगेनच्या नावाने ओळखले जातात, सलग भिंत न बांधता मध्ये मध्ये फटी ठेवून, म्हणजे पुराचं जास्तीचं पाणी बाजूला शिरेल आणि नंतर त्याच वाटेने परत नदीत येईल. ज्याच्या मुलखात मुळात सपाट जमीनच कमी, त्याने असलेली वाचवायला एवढी मेहनत घेतली. हे त्या जुन्या गेममध्ये एका आकड्यात बसवलंय आणि तो आकडा वाढवताना खरंच वाटतं की आपण राज्य करतोय.

आता समुद्र. आणि इथे माझी सगळ्यात जास्त तक्रार आहे.

बेटांच्या देशाचा गेम म्हटल्यावर समुद्र आधी नीट व्हायला हवा होता. पण बहुतेक गेममध्ये समुद्र म्हणजे एकतर भिंत नाहीतर निळं मैदान. शोगुन २ मध्ये निळं मैदान आहे. एका साध्या लहान जहाजावर तुम्ही सगळंच्या सगळं सैन्य चढवू शकता, घोडे, तोफा, सगळं, आणि ते एकच जहाज शिकोकूवरून निघून होन्शूच्या किनाऱ्यावर कुठेही जाऊन उतरवू शकतं. भरती नाही, ओहोटी नाही, प्रवाह नाही. हिदेयोशीने १५९२ मध्ये कोरियावर सुमारे दीड लाखावर माणसं पाठवली तेव्हा पश्चिमेच्या सगळ्या सरदारांना जहाजं बांधायला, खलाशी द्यायला लावलं होतं, क्यूशूतल्या हिझेनमध्ये त्यासाठी एक आख्खा किल्ला आणि तळ उभा केला होता. समुद्र ओलांडणं ही त्या मोहिमेतली फार खर्चिक गोष्ट होती. गेममध्ये ती जवळपास फुकट आहे. आणि ही फुकटची वाहतूक कोपऱ्यातल्या सरदाराला सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण त्याच्यावर कोणी चालून येत नाही (कॉम्प्युटरला समुद्रावरून नीट चढाई करता येतच नाही) आणि तो मात्र हवं तेव्हा हवं तिथे उतरतो. वर पश्चिमेच्या समुद्रात व्यापाराच्या जागा आहेत, तिथे जो आधी जाऊन जहाजं उभी करेल त्याला दर टर्नला पैसा, आणि त्या शिमाझू-चोसोकाबेच्या हाताशी आहेत.

मी म्हणून हल्ली खेळताना स्वतःच एक नियम लावून घेतलाय, एका जहाजात दोनपेक्षा जास्त तुकड्या चढवायच्या नाहीत. वीस तुकड्यांचं सैन्य न्यायचं तर दहा जहाजं बांधा, त्यांचा खर्च दर टर्नला भरा. एवढ्या एका बंधनाने शिकोकूचा खेळ पार बदलतो. तोसाच्या उत्पन्नात सैन्य आणि आरमार दोन्ही पोसता येत नाहीत, एक काहीतरी कमी करावं लागतं, आणि मग मोतोचिका जवळजवळ सगळं बेट घेऊनही पुढे का सरकला नाही हे पैशाच्या आकड्यात दिसायला लागतं.

युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये याच्या उलट आहे. तिथे अरुंद सामुद्रधुनी सैन्य पायीच ओलांडतं, म्हणजे होन्शूवरून क्यूशूवर जहाजाशिवाय जाता येतं, पण पलीकडे शत्रू उभा असेल तर लढाईत तोटा होतो आणि शत्रूचं आरमार मध्ये येऊन उभं राहिलं तर वाट बंद पडू शकते. हा नियम साधा आहे पण मला फार आवडतो. कारण शिमोनोसेकीची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम साडेसहाशे मीटर आहे, पलीकडचं झाड दिसतं, आणि तरी प्रवाह इतका जोराचा की आजही मोठ्या जहाजांना भरती-ओहोटी बघून जावं लागतं. ११८५ ची तायरा आणि मिनामोतो या घराण्यांमधली दान-नो-उराची लढाई तिथेच झाली, आणि पारंपरिक हकिगत अशी की सुरुवातीला प्रवाह तायरांच्या बाजूने होता, मग फिरला आणि मिनामोतो जिंकले. इतक्या लहान पट्टीत एवढं काही आहे, आणि त्यातलं 'ओलांडता येतं पण सांभाळून' एवढं तरी या गेमने पकडलं.

पण सेतोचा आतला समुद्र कोणीच पकडला नाही. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू यांच्या मधला तो समुद्र, शेकडो बेटांनी भरलेला, पश्चिम जपानचा सगळा माल त्यातून ओसाकाकडे यायचा. डोंगरातल्या वाटांपेक्षा ती वाट कितीतरी स्वस्त, पण ती उघडी नव्हती. इन्नोशिमा, नोशिमा, कुरुशिमा या बेटांवर मुराकामींच्या तीन शाखा बसल्या होत्या. त्यांना चाचे म्हणतात, पण ते जकात घेणारे होते, पैसे भरले की आपलं निशाण द्यायचे, ते लावलं की जहाज सुखरूप जायचं. त्यांची ताकद कशात होती? पाण्यात. कुरुशिमाजवळ प्रवाह १० नॉटपर्यंत जातो, दोन बेटांच्या मधल्या फटीत पाणी नदीसारखं धावतं, उलटसुलट भोवरे, आणि सहा-सहा तासांनी सगळं दिशा बदलतं. बाहेरच्या माणसाला तिथे वाटाड्याशिवाय जाणं म्हणजे जहाज घालवणं. नोशिमा तर एवढंसं बेट आहे की सगळं बेट म्हणजेच किल्ला, आणि भोवतीचा प्रवाह हाच खंदक. १५५५ मध्ये पश्चिम होन्शूच्या मोरी मोतोनारीने इत्सुकुशिमा बेटावर आपला शत्रू सुए हारुकाताला गाठलं, वादळी रात्री समुद्र ओलांडून, आणि त्यात मुराकामींची साथ होती. १५७६ मध्ये मोरी-मुराकामींच्या आरमाराने ओसाकाच्या किझु नदीच्या मुखाशी ओदाचं आरमार जाळलं आणि वेढ्यातल्या होंगांजी मठाला रसद पोचवली. दोन वर्षांनी नोबुनागाने कुकी योशिताकाकडून प्रचंड मोठी जहाजं बांधून घेतली, लोखंडी पत्रा लावलेली असं समकालीन नोंदीत आहे, आणि तेव्हा कुठे ती वाट तुटली.

शोगुन २ मध्ये मोरी घेतले की जहाजं स्वस्त मिळतात, चांगली मिळतात. म्हणजे पाण्यातलं ज्ञान घराण्याच्या गुणात टाकलं आणि पाणी मात्र सपाटच ठेवलं. हीच सवय सिव्हिलायझेशन ६ मध्ये आणखी ठळक आहे. तिथे जपानचा नेता होजो तोकिमुने, १२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्यांच्या वेळचा, आणि त्याचा गुण असा की किनाऱ्यालगतच्या जमिनीवर आणि उथळ समुद्रात त्याचं सैन्य जास्त ताकदीने लढतं, पुढच्या एक्स्पान्शनमध्ये तर वादळंसुद्धा त्याच्या सैन्याला इजा करत नाहीत. खेळायला मजा येते. पण हाकाता उपसागरात मंगोल अडले ते तिथल्या किनाऱ्यामुळे, पहिल्या स्वारीनंतर १२७६ मध्ये बांधलेल्या दगडी भिंतीमुळे, पाठोपाठ आलेल्या वादळामुळे. जागेची ही गोष्ट माणसाला चिकटवली की मग तुम्ही यादृच्छिक नकाशावर वाळवंटाच्या मध्ये सुरुवात केलीत तरी तुम्ही 'बेटवाले' असता. त्याच गेममधला दुसरा गुण मात्र मला पटतो, जपानच्या शहरात विभाग एकमेकांना चिकटून बांधले की जास्त फायदा होतो, म्हणजे थोड्या सपाट जागेत दाटीवाटीने वसायचं, आणि ते करताना तुम्हाला खरोखर जागेचा विचार करावा लागतो.

आता कोपऱ्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटतो. १५८० च्या दशकात वाकलेले तेच कोपरे १८६८ मध्ये जिंकले. सात्सुमा, चोशू (होन्शूच्या पश्चिम टोकाचा, मोरींचा मुलूख), तोसा. तोकुगावांची सत्ता उलथवणारे हेच. डोंगर तेच, बेटं तीच, भातही ओवारीत जास्त आणि तोसात कमीच. बदलला तो समुद्र. सात्सुमाने १६०९ मध्ये र्यूक्यू बेटं (आजचं ओकिनावा) ताब्यात घेतली होती, दक्षिणेच्या बेटांवरून साखर येत होती, चीनशी आडवाटेने व्यापार होत होता, आणि तोकुगावांचं एदो (आजचं टोक्यो) लांब होतं. मग वाफेची जहाजं आली आणि देशाचं मागचं दार हेच पुढचं दार झालं. बंदुका, जहाजं, इंग्रज व्यापारी यातलं बरंच काही नागासाकीकडून, म्हणजे नेमके यांच्याच बाजूने.

२०१२ ला आलेल्या फॉल ऑफ द सामुराईमध्ये हे फार चांगलं उतरलंय. नकाशा जवळपास शोगुन २ चाच, होक्काइदोचा थोडा भाग जोडलेला, पण नियम बदलले. जहाजाच्या तोफा आता किनाऱ्यावरच्या सैन्यावर, बंदरावर, किल्ल्यावर मारा करतात, जमिनीवरची लढाई चालू असताना समुद्रातून गोळे येतात. आधीच्या गेममध्ये ज्या समुद्राकडे पाठ करून निवांत बसायचो तीच आता उघडी बाजू. आणि हे खरं आहे, १८६३ मध्ये ब्रिटिश जहाजांनी कागोशिमावर, सात्सुमाच्या राजधानीवरच, तोफा डागल्या आणि शहराचा काही भाग जळाला. पुढच्या वर्षी शिमोनोसेकीला चार देशांच्या आरमाराने चोशूच्या तोफांचे मोर्चे उडवले. दोघांनीही त्यातून धडा घेऊन तीच हत्यारं मिळवायचा सपाटा लावला. रेल्वे मात्र गेममध्ये वेळेच्या आधी येते, खरी पहिली लाइन शिम्बाशी ते योकोहामा, १८७२ ची, म्हणजे युद्ध संपल्यावर. तरी मला ती खटकत नाही, कारण रेल्वे बांधली की डोंगरांचा देश अचानक लहान झाल्यासारखा वाटतो आणि ते वाटणं त्या काळाला धरून आहे.

एकाच नकाशावर दोन वेगळे नियम लावून दोन वेगळे देश कसे होतात हे मला या जोडीइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या गेमने दाखवलेलं नाही. पुढचा जपानवरचा गेम कोणी करणार असेल तर माझं मागणं फार नाही, सेतोच्या समुद्रात भरती-ओहोटी द्या, बिवावर होड्या द्या, आणि मुराकामींना रंगीत नकाशात एक प्रांत देण्याऐवजी पाण्याची वाट द्या, जिथे जाणाऱ्या प्रत्येकाने एकतर जकात भरायची नाहीतर लढायचं. तोवर ज्यांनी शोगुन २ मध्ये शिमाझू घेऊन सगळा जपान जिंकलाय त्यांनी लगेच त्याच सात्सुमाने फॉल ऑफ द सामुराई सुरू करून बघा, आणि पहिल्या काही टर्नमध्येच बंदराच्या बचावासाठी पैसे बाजूला ठेवा, कारण यावेळी पहिला गोळा दक्षिणेकडूनच येईल.